ब्रांच बघू की कॉलेज? ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

जून-जुलैत माझ्याकडे करिअर काउन्सेलिंगला येणाऱ्या प्रत्येक घराचा प्रश्न एकच. इंजिनीअरिंगला कॉम्प्युटर ब्रांच नाही मिळाली तर? म्हणून यातली एक केस लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदलून.

मुलाला सीईटीत ९३ पर्सेंटाइल. बाबांनी मागच्या वर्षीच्या कटऑफची एक्सेल शीट बनवलेली, पहिल्या नंबरला घरापासून लांबचं, नवीन कॉलेज, कारण तिथे कॉम्प्युटर नक्की लागत होतं. मी मुलाला विचारलं, समज हे लागलं, काय वाटेल?

"बाबा टेन्शनमधून सुटतील."

"आणि तू?"

"मीपण सुटेन ना."

आवडेल असं तो एकदाही म्हणाला नाही. मग मी दोन्हीकडचा सेकंड इयरचा सिलॅबस वाचायला दिला, कॉम्प्युटरचा आणि इलेक्ट्रिकलचा (हे मी सगळ्यांनाच देते, आणि ॲप्टिट्यूड टेस्टपेक्षा जास्त कळतं असा माझा अनुभव आहे). पुढच्या वेळी आला तेव्हा कॉम्प्युटरची पानं कोरी आणि ट्रान्सफॉर्मरच्या युनिटपाशी पेन्सिलने लिहिलेलं, आमच्या सोसायटीची डीपी रात्री जास्त का गुणगुणते? बाबा ते वाचून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे मला कधी विचारलंच नाही याने." मार्क कुठे पडतात हे सगळे बघतात हो, मुलाला प्रश्न कुठे पडतात ते बघा. मी इतकी वर्षं तेच धरून काम करतेय.

आता ऑप्शन फॉर्मचं, म्हणजे कॉलेज-ब्रांचच्या पसंतीक्रमाचं. कटऑफ कॉलेजचा नसतो, त्या कॉलेजातल्या त्या ब्रांचचा असतो, त्यामुळे जिथे कॉम्प्युटर हाताला लागत नाही तिथे इलेक्ट्रिकल बऱ्याचदा बसतं. या मुलाचं तसंच होतं, चांगलं जुनं कॉलेज आवाक्यात होतं. आणि क्रम आवडीचाच लावायचा, वरचे कटऑफबाहेरचे ऑप्शन टाकल्याने खालच्या ऑप्शनचा तुमचा चान्स कमी होत नाही. उलट भीतीपोटी सेफ ऑप्शन वर टाकला आणि प्रवेशाच्या पहिल्या राऊंडला पहिलाच लागला की ऑटोफ्रीझ, म्हणजे तीच सीट आपोआप पक्की, मग बेटरमेंट नाही, पुढच्या राऊंडला दुसरी सीट मागता येत नाही. २०२५ पासून दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही ऑप्शन लागला तरी असाच फ्रीझ होतो, म्हणून प्रत्येक राऊंडआधी वरचे ऑप्शन मुलाला शेजारी बसवूनच तपासा. फर्स्ट इयरनंतर ब्रांच बदलू या भरवशावर राहू नका, ते रिकाम्या सीट आणि मार्कांवर असतं.