हब घट्ट केला की हादरे थांबतात का?

ऐरोलीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: छोटं मानवरहित हेलिकॉप्टर केलंय, दोन पात्यांचा टीटरिंग हब (पाती जोडणारा मधला भाग, ज्यात दोन्ही पाती एकाच बिजागरीवर सी-सॉसारखी झुलतात), मिनिटाला १२०० फेरे. हादरे खूप आणि वळवायला सुस्त. रबाळ्याच्या एमआयडीसीतून अ‍ॅल्युमिनियमचा चार पात्यांचा भक्कम हब करून घेतला तर दोन्ही प्रश्न सुटतील का?

ताबा नक्की सुधारेल. हादऱ्यांचं तसं सांगता येत नाही, आणि नुसता भक्कमपणा वाढवलात तर ते वाढायचीच शक्यता जास्त.

आधी मोजा. गिअरबॉक्सखाली हादरे मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर लावा. तुमचा रोटर, म्हणजे हब आणि पाती, सेकंदाला २० फेरे घेतो. आलेखात २० हर्ट्झला (सेकंदाला २० कंपनं) मोठा शेंडा दिसला, तर पात्यांचं वजन किंवा ट्रॅक, म्हणजे टोकांची फिरण्याची पातळी, जुळलेला नाही. ते काम ट्रॅकिंग-बॅलन्सिंगचं, त्यासाठी हब बदलायची गरज नाही. शेंडा ४० हर्ट्झला, म्हणजे फेऱ्याला दोन ठोके, असेल तर तो हवेच्या भारातून येतोय, आणि मग हबचा विचार करायचा.

पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला सामोरं जातं, दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे सरकतं. त्यामुळे दोन्हीकडची उचल सारखी राहत नाही. पाती हबला ताठ जखडलेले सुरुवातीचे ऑटोगायरो (वरची पाती वाऱ्याने आपोआप फिरणारी विमानं) याच कारणाने कलंडत. ऑटोगायरोचा स्पॅनिश जनक हुआन दे ला सिएर्वाने पात्याच्या मुळाशी बिजागरी घातली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचं सी-४ नीट उडालं. पातं वरखाली होऊ लागलं, भार हबपर्यंत पोचेना. पण भार पोचत नाही तिथे ताबाही कमी पोचतो. टीटरिंग हब मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) मोमेंट, म्हणजे कलवणारा जोर, जवळजवळ देतच नाही, सगळा ताबा उचलीचं बल कलण्यातून येतो. उचल घटली की ताबाही घटतो. टीटरिंग हबच्या रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना लो-जी (यंत्र क्षणभर हलकं पडून रोटरवरचा भार घटणं) टाळायला इतकं बजावतात ते यासाठीच.

बिजागरी अक्षापासून दूर नेली, किंवा काढून टाकून पात्याचं मूळच लवचीक ठेवलं, की हब थेट मोमेंट देऊ लागतो. १९६७ मध्ये उडालेल्या बो-१०५ या जर्मन हेलिकॉप्टरचा हिंजलेस (बिनबिजागरीचा) हब असाच, टायटॅनियमचा. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचाही रोटर हिंजलेस आहे. पण ज्या वाटेने ताबा खाली येतो, त्याच वाटेने हादराही येतो. म्हणूनच ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि सांगाडा यांच्यामध्ये कंपन अडवणारे आयसोलेटर बसवावे लागले.

चार पात्यांचा फायदा मात्र खरा आहे. पाती अगदी सारखी असतील तर सांगाड्यापर्यंत मुख्यतः फेऱ्याला चार ठोके पोचतात, म्हणजे ८० हर्ट्झ. एरवी वारंवारता जितकी वरची, तितका तो ठोका लहान आणि रबरी माउंटने अडवायला सोपा. सांगाड्याची स्वतःची वारंवारता तिथे येत नाही ना, हे मात्र तपासा.

स्वॉशप्लेटही (वैमानिकाचा हुकूम फिरत्या पात्यांच्या कोनापर्यंत नेणारी तबकडी) जशीच्या तशी चालणार नाही. टीटरिंगमध्ये पात्याचा कोन बदलला की ते ९० अंश पुढे फिरल्यावर वरखाली होऊन प्रतिसाद देतं. हिंजलेस हबमध्ये फ्लॅपची (पातं वरखाली होण्याची) वारंवारता फेऱ्याच्या १.१ पट आणि लॉक नंबर (पात्यावरचा हवेचा जोर आणि त्याचं जडत्व यांचं गुणोत्तर) ८ धरला तर हॉवरमध्ये, म्हणजे जागीच तरंगताना, हा उशीर सुमारे ७८ अंश येतो. ही दुरुस्ती केली नाही तर नाक खाली करायला जाल आणि यंत्र आडवं झुकेल.

आता अ‍ॅल्युमिनियम. फ्लॅप होणारा भाग त्याचा करू नका, हे मी कळकळीने सांगतो. १२०० फेऱ्यांना तासात ७२,००० वेळा तो वाकतो, चौदा तासांत दहा लाखांवर जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमला फटीगची (वारंवार वाकून धातू थकण्याची) सुरक्षित मर्यादा नसते. मधला गाभा खुशाल अ‍ॅल्युमिनियमचा ठेवा, वाकणारा भाग ग्लास फायबरचा करा. मी ठाण्यात राहत असलो तरी नोकरी जुहूच्या हेलिकॉप्टर तळावर झाली. चेतक हेलिकॉप्टरच्या हबवर बिजागऱ्या आणि ड्रॅग डॅम्पर (पात्याचं पुढे-मागे डुलणं शमवणारे), त्यांचं ग्रीसिंग अन् तपासणी संपायची नाही. डॉफिन हेलिकॉप्टरच्या स्टारफ्लेक्स हबला काचतंतूचे हातच लवायचे आणि इलॅस्टोमेरिक (रबराच्या थरांच्या) बेअरिंगला ग्रीस लागायचं नाही, फक्त रबराच्या थरांना भेगा पडल्यात का ते पाहायचं. इतकी सुंदर रचना मी फार थोडी पाहिली.

एक धोका तुम्ही विचारलेलाच नाही. पात्याची पुढे-मागे डुलण्याची वारंवारता फेऱ्यापेक्षा कमी ठेवलीत, तर लॅग डॅम्पर (हे डुलणं, म्हणजे लॅग, शमवणारा) हवाच. नाहीतर फेऱ्यांच्या आणि लॅगच्या वारंवारतेतला फरक स्किडवर उभ्या यंत्राच्या डोलण्याशी जुळतो आणि ग्राउंड रेझोनन्स, म्हणजे जमिनीवरच वाढत जाणारं डोलणं, सुरू होतो. त्यात काही सेकंदांत यंत्राचे तुकडे होतात. टेस्ट स्टँडलाही हेच लागू आहे. तेव्हा रोटर फिरवण्याआधी स्टँडला हातोडीने ठोकून त्याची वारंवारता मोजा, फेरे हळूहळू वाढवा, भोवती पोलादी जाळी लावा आणि पात्यांच्या पातळीत कुणालाही उभं राहू देऊ नका.