नवऱ्याची शेजारी-नातेवाइकांशी सतत भांडणं होतात, त्याचा त्रास घराला होतो. काय करावं?

पहिलं म्हणजे निरोप्या होणं थांबवा. त्याच्या वतीने माफी मागितली की भांडण त्याचं आणि निस्तरणं तुमचं, हेच कायम होतं. तुमचे त्या लोकांशी असलेले संबंध मात्र स्वतंत्रपणे चालू ठेवा. त्यासाठी परवानगी लागत नाही.

राग चढलेला असताना समजावू नका. शरीर शांत व्हायलाच किमान 20 मिनिटं लागतात, आणि मनात तेच घोळत राहिलं तर त्याहून जास्त. नंतर एकाच प्रसंगाबद्दल बोला: ‘तू भांडखोर आहेस’ नको, ‘काल आरडाओरड्याने मुलं घाबरली, पुढच्या वेळी मी त्यांना घेऊन आत जाईन’ असं. आणि खरंच जा.

चिडचिड अलीकडेच वाढली असेल तर झोप, दारू, थायरॉइड, नैराश्य तपासून घ्या. हात उगारला जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी सुरक्षित जागा गाठा.