"डोकं तुळतुळीत केलं म्हणून मी गुंड झालो काय, मॅडम?"

हा प्रश्न मला एका पायलटने विचारला होता. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल घेऊन स्टँडवर उभा असतो आणि तुम्हाला मागे बसवून सोडतो तो. हा पेडण्याकडचा, तिशीतला, धंदा म्हापशाला (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). केस गेले किंवा काढले की लोक काहीबाही समजतात ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे बऱ्याचदा येते, म्हणून त्याला विचारूनच लिहितेय.

तो आत आला तेव्हा मी टेबलावरची पर्स उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. कुणीही आलं तरी ठेवते, सवयच आहे. पण त्याने ते बघितलं आणि दारातूनच म्हणाला, "बाहेर बसू काय?" माझ्या पोटात खड्डा पडला. सवयीचं सांगितलं, तो हो म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं, आणि का पटावं, दिवसभर तो हेच तर बघत होता.

झालं असं की पावसाळ्यात त्याला चाई पडली. आधी मानेच्या वर रुपयाएवढा चट्टा, मग कानामागे, मग टाळूवर. डॉक्टर याला अ‍ॅलोपेशिया एरियाटा म्हणतात, आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. घाणीने होत नाही, किडा केस खातो म्हणतात तसंही काही नाही, आणि शेजारी बसल्याने तर अजिबात लागत नाही. मुळं मरत नाहीत म्हणून बऱ्याच जणांचे केस परत येतात, पण कधी येतील आणि पुन्हा जातील का हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. चट्ट्यांबद्दल विचारून विचारून लोकांनी हैराण केलं तेव्हा तो न्हाव्याकडे गेला आणि सगळंच उतरवून आला.

मग वेगळंच सुरू झालं. गावात जो तो "घरात कोण गेलं काय रे?" स्टँडवर नाव पडलं बाउन्सर. नाकाबंदीला एवढ्या गाड्यांतून याचीच बाजूला. पण मनाला लागलं ते शुक्रवारच्या बाजाराला, अनोळखी बायका पिशव्या घेऊन त्याला ओलांडून मागच्या पायलटकडे जायच्या. एकदा एक मुलगी बसली आणि रस्ताभर फोनवर मोठमोठ्याने गाडीचा नंबर सांगत राहिली. तो म्हणाला, "तिचं चुकलं नाही मॅडम, माझ्या बहिणीला मी पण हेच सांगितलं असतं. पण मग मी काय करायचं?"

या वाक्यावर मी बराच वेळ गप्प होते.

घरचे म्हणत होते दुर्लक्ष कर. मी हा सल्ला कुणालाच देत नाही, कारण भाडं हातचं जातं ते खरंच जातं, मनाचे खेळ नाहीत ते. आपल्याकडे बोडक्या डोक्याला आधीच किती अर्थ चिकटलेत, सुतक, नवस, आणि बायकांच्या बाबतीत तर केशवपन. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापणार नाही म्हणून संप केला, त्याला इतकी वर्षं झाली तरी माझ्या एका क्लायंटला केस गेल्यावर ओटी भरायला पुढे येऊ नकोस असं सांगितलं गेलं. त्यामुळे नजर खोटी आहे असं मी त्याला म्हणूच शकत नव्हते.

मी त्याला दोन आठवडे वही ठेवायला सांगितली, कोण ओलांडून गेलं आणि तेव्हा तू कुठे होतास एवढंच लिहायचं. वहीत दिसलं की कितीतरी वेळा तो स्वतःच रांगेत मागे, झाडाखाली, हेल्मेट घालून उभा होता. नकार यायच्या आधीच बाजूला झालेला. लोकांची नजर आमच्या हातात नव्हती, पण उभं कुठे राहायचं ते होतं.

मग एक वाक्य बसवलं, "मला चाई आहे, म्हणून केस काढलेत." पहिल्यांदा त्याने ते जमिनीकडे बघत, "सॉरी" लावून म्हटलं. सॉरी काढायला तीन सेशन्स लागली. हे वाक्य सगळ्यांना सांगायचं बंधन नाही, ज्याला सांगावंसं वाटेल त्यालाच. विगचं विचारत होता, मी म्हटलं हवा तर घ्या, त्यात लपवाछपवी काही नाही, पण मेच्या उन्हात हेल्मेटखाली कसा वाटेल ते आधी घालून बघा. उपचारासाठी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात पाठवलं, ते माझं काम नाही. आणि तुमच्यापैकी कुणाला यापायी झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, प्लीज वाट बघू नका.

आता तो रांगेत पुढे उभा राहतो, हेल्मेट हँडलला अडकवून. काही बायका अजूनही ओलांडून जातात. गेल्या महिन्यापासून भुवया विरळ व्हायला लागल्यात, पुढच्या सेशनला तेच बोलायचंय म्हणाला.