‘आवश्यक असेल ते करा’ असे म्हटल्याने जादा बिल मान्य केले असे होते का?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे : ‘माझी स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी) गाडी तीन वर्षांची आहे. ३०,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगसाठी ती गेल्या महिन्यात अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली, तेव्हा ९,८०० रुपयांचे एस्टिमेट सांगून टॅबवर माझी सही घेतली गेली. दुपारी अ‍ॅडव्हायझरचा फोन आला की गाडीत थोडे जादा काम निघाले आहे. मी म्हणालो, “आवश्यक असेल ते करा.” संध्याकाळी हातात पडलेले बिल २४,४०० रुपयांचे होते. त्यात इंजिन डीकार्बोनायझिंगचे ३,९००, इंजेक्टर क्लीनिंगचे २,६००, अंडरबॉडी कोटिंगचे ५,२००, एसी डिसइन्फेक्शनचे १,५०० आणि हायब्रिड बॅटरीचा एअर फिल्टर साफ करण्याचे १,४०० रुपये जास्तीचे लावले होते. मी हरकत घेतली तेव्हा पैसे भरल्याशिवाय गाडी मिळणार नाही आणि ही कामे नाकारली तर बॅटरीची वॉरंटी जाईल, असे सांगण्यात आले. मी पैसे भरून गाडी घरी आणली. आता ते परत मिळतील का, आणि पुढच्या वेळी मी अशी कामे नाकारू शकतो का?’

उत्तर : आपण पत्रासोबत बिल, जॉब कार्ड (गाडी देताना भरलेला कामांच्या नोंदीचा कागद) आणि ओनर्स मॅन्युअलमधील देखभालीच्या तक्त्याची छायाचित्रे पाठवलीत, त्यामुळे निश्चित मत देणे शक्य झाले. माझ्या मते १४,६०० पैकी १३,२०० रुपयांची मागणी आपण करू शकता आणि तिला चांगला कायदेशीर आधार आहे. उरलेले १,४०० रुपये मात्र मागू नयेत. बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेच्या मार्गातील फिल्टर साफ करणे हे आपल्या मॅन्युअलच्या तक्त्यात नमूद केलेले काम आहे. तो फिल्टर धुळीने तुंबला तर बॅटरी तापते, म्हणून हे काम खरोखर गरजेचे आहे. जे न्याय्य आहे ते आपण स्वतःहून सोडून दिले, तर ग्राहक आयोगासमोर उरलेल्या मागणीवर अधिक विश्वास बसतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याला सर्वाधिक काळजी त्या फोनची वाटते, असे पत्रावरून दिसते. फोनवर आपण होकार दिला म्हणजे सगळेच गेले, असा आपला समज झालेला आहे, आणि तो बरोबर नाही. आपण ‘सुचवाल ते करा’ असे म्हटलेले नाही, ‘आवश्यक असेल ते करा’ असे म्हटले आहे. ही सशर्त संमती आहे आणि काम आवश्यक होते हे दाखवून देण्याची जबाबदारी त्यामुळे सर्व्हिस सेंटरवर येते. आता आवश्यक म्हणजे काय, हे ठरवायचे कोणी? सर्व्हिस सेंटरच्या दरपत्रकाने नव्हे, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने स्वतः छापलेल्या तक्त्याने. आपल्या मॅन्युअलमध्ये ३०,००० किलोमीटरला इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ठरावीक तपासण्या आणि बॅटरीचा फिल्टर एवढेच आहे. डीकार्बोनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग आणि एसीचे निर्जंतुकीकरण त्यात कोठेही नाही. हायब्रिडमध्ये इंजिन वारंवार बंद-चालू होत असल्याने कार्बन साचतो, असे अ‍ॅडव्हायझरने आपल्याला सांगितले. परंतु इंजिन असे चालणार हे कंपनीला गाडीची रचना करतानाच ठाऊक होते आणि तरीही तिने ते काम तक्त्यात घातले नाही. आपल्या गाडीत काही विशेष दोष आढळला असता, तर त्याची नोंद जॉब कार्डवर व्हायला हवी होती. तशी एकही नोंद त्यावर नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये धुळीच्या किंवा खडतर वापरासाठी वेगळे वेळापत्रक असते आणि समोरची बाजू त्याचा आधार घेऊ शकते, हे लक्षात ठेवावे. आपल्या मॅन्युअलमधील ते पानही मी पाहिले. त्यात तीच कामे कमी अंतराने करण्यास सांगितले आहे, नवी कामे सांगितलेली नाहीत.

टॅबवरच्या सहीबद्दल सांगायचे, तर न वाचता केलेली सही सामान्यतः बंधनकारक ठरते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मात्र जॉब कार्डच्या अटींमध्ये ‘ग्राहकाच्या संमतीने अतिरिक्त काम केले जाईल’ असेच वाक्य आहे, म्हणजे ती अट पुन्हा आपल्या संमतीकडेच येऊन थांबते.

गाडी अडवून ठेवण्याविषयी कायदा काय म्हणतो हे नीट समजून घ्यावे, कारण येथे सर्व्हिस सेंटरलाही काही हक्क आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यास आपला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणून ९,८०० रुपये न भरता गाडी मागण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. परंतु जे काम सोपवलेलेच नव्हते, त्याच्या पैशासाठी गाडी अडवणे या हक्कात बसत नाही. कोणाची मालमत्ता बेकायदा अडवून किंवा तशी धमकी देऊन संमती मिळवणे ही याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे जबरदस्ती ठरते आणि जबरदस्तीने घेतलेला पैसा परत करावा लागतो, असे कलम ७२ सांगते. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण आपल्या प्रकरणाला जवळजवळ तंतोतंत लागू पडते : रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल देत नाही, माल सोडवण्यासाठी मालक पैसे भरतो, आणि त्यातील बेकायदा जादा भाग परत मिळवण्याचा त्याला हक्क असतो. त्यामुळे आपण पैसे भरलेत म्हणून हक्क गमावलात, असे मानू नका.

‘काम झाले, त्याचा लाभ आपण घेतला, म्हणून पैसे द्या’ असा युक्तिवाद कलम ७० च्या आधारे होण्याची शक्यता आहे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, या कलमासाठी लाभ घेणाऱ्याला तो स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय असावा लागतो. गाडीच्या तळाला फासून झालेले कोटिंग आपण संध्याकाळी परत कसे करणार होतात?

वॉरंटीची धमकी मला या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते, कारण येथे विकल्या जाणाऱ्या काही स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते आणि ती गमावण्याच्या भीतीने चांगले जाणते ग्राहकही गप्प बसतात. तक्त्यातील सर्व्हिसिंग चुकवणे वेगळे आणि तक्त्याबाहेरचे काम नाकारणे वेगळे. पहिल्याने वॉरंटीला खरोखर धोका होऊ शकतो, दुसऱ्याने वॉरंटी जाते असे आपल्या वॉरंटी पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना बजावले होते की, बाहेरच्या स्वतंत्र मेकॅनिककडे काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये आणि चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी. या आदेशाला पुढे अपिलांमध्ये आव्हान दिले गेले, म्हणून आपली तक्रार केवळ त्यावर उभी करू नये, पण त्यातील तत्त्व आपल्या बाजूचे आहे. तरीही एक विनंती करतो : नारिंगी रंगाच्या केबलचा, म्हणजे उच्च विद्युतदाबाच्या यंत्रणेचा संबंध असलेले कोणतेही काम पैसे वाचवण्यासाठी प्रशिक्षण नसलेल्या मेकॅनिककडे देऊ नका. तेथे जिवाला धोका आहे आणि वॉरंटी नाकारण्यास खरे कारणही मिळते.

प्रत्यक्ष कारवाईची सुरुवात सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकाला आणि मोटार कंपनीच्या ग्राहक कक्षाला लेखी पत्र पाठवून करावी. त्यात चारही कामांची नावे आणि रकमा द्याव्यात, मॅन्युअलचे पान जोडावे आणि १५ दिवसांत १३,२०० रुपये परत मागावेत. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी, कारण कित्येक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे ती आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच दाखल होते. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही आणि कलम ६९ प्रमाणे मुदत दोन वर्षांची आहे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन मुद्द्यांवरच तक्रार मांडावी. ‘अन्यायकारक करार’ असा मुद्दा घालू नका, कारण तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही आणि केवळ तेवढ्यासाठी आपल्याला राज्य आयोगाकडे जावे लागेल. मोटार कंपनीलाही पक्षकार करावे. डीलरशी आमचे नाते स्वतंत्र व्यावसायिकाचे आहे असे ती म्हणेल, परंतु वॉरंटीची धमकी तिच्या नावाने दिली गेली असल्याने तिचे म्हणणे नोंदीवर येणे गरजेचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट आले असेल, तर ते जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडणे हिताचे ठरेल.

पुढची सर्व्हिसिंग ४०,००० किलोमीटरला येईल. तेव्हा गाडी देतानाच जॉब कार्डवर किंवा अ‍ॅडव्हायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असे लिहा : ‘ओनर्स मॅन्युअलमधील ४०,००० किलोमीटरची कामे करावीत. त्याव्यतिरिक्त कोणतेही काम त्याचे कारण व किंमत लेखी कळवून माझी लेखी संमती घेतल्याशिवाय करू नये.’ ब्रेक पॅड बदलायला सांगितले, तर किती मिलिमीटर उरले आहेत ते लिहून मागा, कारण हायब्रिडमध्ये वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते आणि पॅड सावकाश झिजतात. आणि एवढे करूनही संध्याकाळी जादा बिल समोर आलेच, तर वाद घालत बसू नका. बिलाच्या सर्व्हिस सेंटरकडील प्रतीवर ‘हक्क राखून, हरकत नोंदवून रक्कम भरत आहे’ असे लिहून सही करा, तिचा फोटो घ्या आणि गाडी घेऊन या.