तेरावा अध्याय एकटा वाचू नकोस

प्रिय बेटा, सप्रेम सलाम.

तुझा मेसेज दोनदा वाचला. प्रेअर मीटिंगमध्ये कुणीतरी तोंडावर म्हणालं की तुला अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करणं) येत नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालेलाच नाही, आणि तू रात्रभर रडत बसलीस, फार वाईट वाटलं गं.

एक काम कर, बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र उघड आणि १२, १३, १४ हे तीनही अध्याय एका बैठकीत वाच. आपण १३वा लग्नात वाचतो, फ्रेम करून भिंतीवर लावतो, म्हणून तो नुसता गोड वाटतो, पण प्रेषित पौलाने तो करिंथातल्या भांडणाऱ्या मंडळीला (तिथल्या चर्चला) लिहिलाय, आणि अध्यायांचे आकडे तर पार १३व्या शतकात पडले, त्याच्यासाठी ते सलग एकच बोलणं होतं. तिथे प्रभुभोजनालाही एक उपाशी तर दुसरा पिऊन तर्र (११:२१), वर कुणाचं कृपादान (आत्म्याने दिलेली देणगी, जशी अन्य भाषा) मोठं यावरून चढाओढ. म्हणून तो लिहितो प्रीती फुगत नाही. हाच 'फुगणं' शब्द त्याने ४थ्या, ५व्या अध्यायात थेट त्यांच्यासाठीच वापरलाय, म्हणजे प्रीतीचं वर्णन करता करता त्यांचेच कान धरतोय.

तुझं उत्तर १२:३० मध्ये आहे. सगळेच अन्य भाषा बोलतात का, असं तो विचारतो, आणि ग्रीकमध्ये त्या प्रश्नाची रचनाच अशी आहे की उत्तर 'नाही' हेच यावं. पण म्हणून रागाने दुसऱ्या टोकाला जाऊ नको हं, १४:३९ मध्ये तोच सांगतो की अन्य भाषांना मना करू नका. तो स्वतः बोलायचा, फक्त मंडळीत त्याला समजणारे पाच शब्द दहा हजारांपेक्षा बरे वाटायचे.

१३:१० मधलं 'पूर्ण ते' म्हणजे बायबल पूर्ण झालं आणि अशी कृपादानं संपली, असं काहीजण शिकवतात. मला ते पटत नाही, कारण दोनच वचनं पुढे 'समोरासमोर' पाहण्याची गोष्ट आहे, आणि ती अजून कुठे झालीय?

आपल्या केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ला संजीवन (आध्यात्मिक जागृती) आलं, मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी ते थांबवलं नाही, पण प्रत्येकीला ते यायलाच हवं असंही धरलं नाही.

ज्यांनी तुला तसं म्हटलं त्यांच्या शेजारीच रविवारी बस, जमलं तर. मी संध्याकाळी फोन करते, तोवर १४वा वाचून ठेव, २ऱ्या वचनावर मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझी,
ताई