कासव डोंगरावर चढलं तर

अगं, उपग्रहाला ठिकाण कळवणारा टॅग लावलेलं तुझं समुद्री कासव नकाशावर सह्याद्रीत फिरताना दिसलं तर घाबरू नकोस! आधी त्या ठिपक्याचा दर्जा, म्हणजे ते ठिकाण किती अचूक आहे, ते बघ. आर्गोस या उपग्रह यंत्रणेत दर्जा ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत. ० असेल तर दीड किलोमीटरहून जास्त. टॅगची अँटेना पाण्याबाहेर आल्याशिवाय संदेश जात नाही, आणि कासव श्वासाला वर येतं ते क्षणभरच. म्हणून चार दिवस ठिपका नाही आला की लगेच ‘मेलं’ लिहू नकोस. अँटेना मोडते, बॅटरी संपते, कधी टॅगच गळून पडतो. २०२३ मध्ये गुहागरला टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेही अशाच तुटक ठिपक्यांतून कळलं. आणि हो, चुकीचे म्हणून गाळलेले ठिपके पुसायचे नाहीत, वेगळ्या फाइलीत ठेव.