आकड्याआधी बॅग बघ
सेव्होफ्लुरेन (श्वासातून द्यायचं भुलीचं औषध) वाढवलंस की पेशंटचा श्वास उथळ आणि भरभर होतो. मॉनिटरवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 99 दिसतं, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. जादा ऑक्सिजन चालू असला तर श्वास निम्म्यावर आला तरी तो आकडा बराच वेळ हलत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र साठत जातो. म्हणून कॅप्नोग्राफची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची, लाट बघ, भूलयंत्राच्या श्वासाच्या बॅगेवर हात ठेव. ती किती फुगते, किती बसते, हे बोटांना कळू दे. लहान मुलं आणि लठ्ठ पेशंट यांच्याकडे ऑक्सिजनचा साठाच कमी, तिथे सॅच्युरेशन झरझर उतरतं. शिवाय बोटावरचा सॅच्युरेशन मोजणारा प्रोब काही सेकंद मागेच असतो. नायट्रस ऑक्साइड (हाही भुलीचा वायू) बंद केल्यावर 5 ते 10 मिनिटं 100 टक्के ऑक्सिजन दे. पुढची केस थांबली तरी चालेल.